भाता नसलेली पेटी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सुरांवर लेख लिहावा, म्हणजे किराणा दुकानदाराने औषधाची चिठ्ठी लिहून देण्यासारखेच झाले. पण गेल्या स्नेहसंमेलनात 'संगीत सौभद्र'मधील एका प्रवेशाला साथ करण्याची पाळी माझ्यावर आली, आणि ती साथ पेटीवर नव्हे, ऑर्गनवरही नव्हे, तर महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवर करावी लागली. त्या तीन आठवड्यांत मी जे शिकलो ते पुस्तकपालनाच्या तासाला कोणी शिकवत नाही. शिवाय त्यात माझ्या हातून एक चूक घडली, आणि तिचे खापर दोन दिवस दुसऱ्याच्या डोक्यावर राहिले. त्या चुकीची नोंद योग्य खात्यात व्हावी, हाही या लेखाचा एक हेतू आहे.

पेटी का नाही, असे कोणीही विचारील. आमच्या संगीत मंडळाच्या पेटीचा भाता फाटलेला आहे आणि मध्य सप्तकातले दोन सूर बोलत नाहीत. दुरुस्तीला लागणारे दिवस आणि संमेलनाला उरलेले दिवस यांची वजाबाकी ऋण येत होती. तेव्हा समितीने कपाटातून की-बोर्ड काढला, मला पुढे केले आणि म्हटले, "पट्ट्या त्याच तर आहेत!"

पट्ट्या त्याच होत्या. हेच तर सगळ्या घोटाळ्याचे मूळ.

बेळगावच्या माणसाला 'सौभद्र' परके नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ सालचा, आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८० साली पुण्यात त्यांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि १८८२ साली 'सौभद्र'. या नाटकांतल्या पदांना त्यांनी ज्या चाली दिल्या त्यांत कर्नाटकी वळणाच्याही होत्या. आमची सुभद्रा घरी कन्नड बोलणारी. तिने पदे उतरवून घेतली ती कन्नड लिपीत. पण 'ळ' आणि 'ण' मात्र आम्हां मराठी मुलांहून स्वच्छ. किर्लोस्करांना हे पाहून काही विशेष वाटले नसते.

त्या काळी साथीला सारंगी-तबला असे. पुढे हार्मोनियम आली, आणि बालगंधर्वांच्या काळात ऑर्गनने रंगमंचापुढची जागा घेतली. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ असा संच होता. कर्नाटकातल्या कंपनी नाटकांतही पायाने भाता मारायची पेटी होती. कन्नड विभागातले आमचे मित्र तिला 'लेग हार्मोनियम' म्हणतात. आणि हातपेटीचे म्हणाल, तर पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्या गावात तिच्याविषयी मी काय सांगावे! थोडक्यात, सीमेच्या दोन्ही भाषांत नाटकाचे गाणे ज्या वाद्यावर वाढले, त्या वाद्याला भाता होता. आता भाता नसलेल्या वाद्याकडे वळू.

की-बोर्डचे पूर्वज पियानोच्या घरातले. पियानोत पट्टी दाबली की आत लाकडी हातोडी तारेवर आपटते आणि सूर उमटतो. पण उमटल्या क्षणापासून तो विरत जातो. पेटीत पितळी सुरांवरून वारा वाहतो, आणि वारा आहे तोवर सूर आहे. दोन्हींच्या पट्ट्या काळ्या-पांढऱ्या, मांडणी एकच. पण एकीचा सूर ठेव मोडून खाणारा, तर दुसरीचा रोज भरणा होणारा. नाट्यपदात गाणारी नटी षड्जावर थांबते, श्वास घेते, प्रेक्षकांकडे पाहते आणि मग पुढची जागा घेते. त्या वेळात खालचा सूर टिकून राहावा लागतो. की-बोर्डवर पियानोचा आवाज लावून मी पहिल्या तालमीत षड्ज धरला, आणि तिने श्वास घेईपर्यंत तो संपून गेला.

मग मी पायाखालचे पेडल शोधून काढले. हे पेडल म्हणजे भाता नव्हे. ते केवळ एक बटण आहे: दाबून धरले की वाजवलेले सूर हात उचलला तरी चालू राहतात. मला वाटले, आता षड्ज धरून ठेवू आणि वर खुशाल ताना वाजवू. पण पेडलला षड्ज कोणता आणि तान कोणती हे कळत नाही. ते सगळेच सूर धरून ठेवते. शिवाय अशा यंत्राची एकाच वेळी किती सूर वाजवायचे याची मर्यादा ठरलेली असते. आमच्याची ती ३२. मी दोन प्रकारचे आवाज एकावर एक लावले होते. म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर खर्ची पडत होते आणि हाती उरले सोळाच. सतरावी पट्टी दाबताच यंत्राला एखादा जुना सूर सोडून द्यावा लागतो. कॉस्टिंगमध्ये आपण 'आधी आलेला माल आधी बाहेर' शिकतो ना, तसेच! सर्वांत आधी आत आलेला होता तो माझा षड्ज, आणि भर तानेत बाहेर गेला तोही तोच.

तेव्हा पियानोचा आवाज सोडून मी ऑर्गनचा आवाज लावला. तो पट्टी दाबून ठेवीपर्यंत टिकतो. पण दुसरी अडचण उभी राहिली. पेटीचा सूर टिकतो, पण एकसारखा राहत नाही. भाता हलका-जड करून वादक तो फुगवतो, दबवतो, शब्दाबरोबर श्वास घ्यायला लावतो. ऑर्गनवाल्यांचे दोन्ही पाय भात्यावर असत आणि आवाज मोठा करायला गुडघ्याने दाबायची फळी असे. की-बोर्डमध्ये आवाजाचा चढउतार बोटाच्या वेगावर बेतलेला असतो. चांगल्या यंत्रात प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात; पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत गेलेला वेळ मोजून पट्टी किती जोरात दाबली ते ठरते, आणि १९८३ साली सर्वमान्य झालेल्या 'मिडी' पद्धतीत त्याला १ ते १२७ पर्यंतचा आकडा मिळतो. आमच्या यंत्रात तेही नाही. हळू दाबा की ठोसा मारा, सूर तेवढाच. आणि समजा असते, तरी पट्टी दाबल्यानंतर काय करायचे हा प्रश्न उरतोच. कारण नाट्यपदातले सगळे काही दाबल्यानंतरच घडते.

मी हा रडगाऱ्हाण्याचा कागद घेऊन पेटीच्या गुरुजींकडे गेलो. त्यांनी यंत्र पाहिले, इकडून तिकडून हात फिरवला आणि विचारले, "आवाज कमीजास्त करायची चकती कुठली?" मी दाखवली. डाव्या बाजूला होती. "मग भाता हाच की! तुझ्या डाव्या हाताला दुसरे काम काय आहे?"

खरेच, हातपेटी वाजवणाऱ्याचा डावा हात आयुष्यभर भाताच मारतो. की-बोर्डपुढे बसल्यावर मी उगीचच दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून मोठा वादक झालो होतो. त्या दिवसापासून उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा चकतीवर. सुरुवातीला शब्द एकीकडे आणि फुगवटा दुसरीकडे जाई; आठवड्याभरात हाताला ते वळण पडले. पट्ट्या ६१ म्हणजे पाच सप्तके आणि वर एक. पियानोच्या ८८ पुढे त्या तोकड्या. पण माझी घरची पेटी ३९ पट्ट्यांची आहे, तेव्हा ती तक्रार मी करणार नाही.

आता थोडे गणित. पेटीवर जो जुना आरोप आहे तोच की-बोर्डवरही आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दारे बंद केली, आणि ती किलकिली व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. आरोप असा की तिचे सूर आपल्या संगीताच्या श्रुतींत बसत नाहीत. याचे कारण वाणिज्याच्या विद्यार्थ्याला लवकर समजेल. एका सप्तकात कंपनांची संख्या दुप्पट होते, आणि त्या प्रवासाचे बारा समान टप्पे करायचे असतात. म्हणजे बारा वर्षांत रक्कम दुप्पट व्हावी असा चक्रवाढ व्याजाचा दर काढायचा. आपल्याला ७२ चा नियम ठाऊक आहे: ७२ ला १२ ने भागा, दर येतो सहा टक्के. नेमका दर ५.९५ टक्के. की-बोर्डची प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा इतक्याच टक्क्यांनी चढी असते.

गळा मात्र चक्रवाढ व्याजाने चालत नाही. तो सरळ अपूर्णांकांनी चालतो. षड्ज २४० कंपनांचा धरला तर पंचम त्याच्या दीडपट, म्हणजे ३६०, आणि शुद्ध गंधार सव्वापट, म्हणजे ३००. की-बोर्डवर पंचम येतो ३५९.६, हा फरक कानाला जवळपास कळत नाही. पण गंधार येतो ३०२.४. गाणारी ३०० वर आणि वाजवणारा ३०२.४ वर, असे दोन सूर एकत्र झाले की दर सेकंदाला सुमारे अडीच वेळा आवाज थरथरतो. पंचमावर पंचम असे बारा वेळा चढत गेले आणि ते सात सप्तकांशी ताडून पाहिले, तर तेरीज जुळतच नाही. सव्वा टक्क्याहून थोडा अधिक फरक राहतो. आपण असा फरक उचंत खात्यात टाकतो. वाद्य बनवणाऱ्यांनी तो बारा पट्ट्यांवर सारखा वाटून टाकला, एवढेच. त्यामुळे कोणत्याही पट्टीचा षड्ज करून वाजवता येते. त्याची किंमत गंधाराने मोजली.

यावर उपाय साधा आहे. गाणारी गंधारावर थांबली की आपण गंधार वाजवायचा नाही. बोट उचलून खाली षड्ज-पंचम धरायचे आणि तिचा गंधार तिलाच लावू द्यायचा. प्रत्येक सुराला हजेरी लावणे म्हणजे साथ नव्हे, हे मला यंत्राच्या दोषामुळे कळले.

आता त्या चुकीकडे येतो.

आमच्या सुभद्रेची पट्टी काळी चार. काळी चारवरून शुद्ध स्वर वाजवायचे तर चार काळ्या पट्ट्या लागतात. पांढरी चारवरून एकच. माझी बोटे पांढरी चारला सरावलेली. की-बोर्डवर 'ट्रान्सपोज' नावाचे एक बटण असते. ते तीन घरे वर सरकवले की बोटे पांढरी चारवर फिरतात आणि ऐकू येते काळी चार. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, काय सफाईने वाजवतो! मी ते बटण रोज तीनवर नेत असे आणि कोणाला सांगत नसे.

रंगीत तालमीच्या संध्याकाळी पहिल्या पदाआधीच वीज गेली. पाच मिनिटांत जनरेटर सुरू झाला. की-बोर्डही सुरू झाला. पण वीज तुटली की हे यंत्र आपल्या सगळ्या सूचना विसरते. ट्रान्सपोज शून्यावर आले होते. विजेवरचा तंबोराही बंद पडला होता, तो पुन्हा लावायचे कोणाच्या ध्यानात आले नाही. मी सूर दिला. तिने विश्वासाने तो उचलला. तो काळी चार नव्हताच. तीन पट्ट्या खाली होता.

तीन पट्ट्या म्हणजे कंपनांत सुमारे सोळा टक्क्यांची घट. पदाचा मुखडा कसाबसा निभावला. पण अंतऱ्यात जिथे तिचा आवाज तेजाने फुटायचा तिथे तो नुसताच बोलला, आणि मंद्रातल्या जागा तर दुसऱ्या रांगेतही पोहोचल्या नाहीत. दुसऱ्या ओळीलाच मला कळले होते. तिथेच हात उचलून "थांबा, चूक माझी" म्हणायला हवे होते. समोर सर बसले होते, वर्गमित्र बसले होते. मी वाजवत राहिलो.

तालीम संपल्यावर ठरले की मुलीचा आवाज सभागृहाला पुरत नाही, तेव्हा गाणी ध्वनिमुद्रित ट्रॅकवर घ्यावीत आणि तिने ओठ हलवावेत. ती काही बोलली नाही. पदांची वही पिशवीत घातली आणि बस चुकेल म्हणून निघून गेली.

ट्रॅक वाईट असतो असे मी म्हणत नाही. पण ट्रॅकला गाणाऱ्याची वाट पाहता येत नाही. एखादी जागा रंगली म्हणून तो पुन्हा घेत नाही, श्वास अपुरा पडला म्हणून अर्धी मात्रा थांबत नाही, आणि 'वन्स मोअर' आला तर त्याला तो ऐकूच येत नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या रंगभूमीने 'वन्स मोअर'वर रात्री जागवल्या, तिच्या एका पदावर आम्ही हे लादणार होतो. आणि कारण काय, तर माझ्या बोटांना चार काळ्या पट्ट्यांचा कंटाळा!

दोन दिवस मी गप्प होतो. तिसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ती भेटली तेव्हा मराठीत वाक्य जुळेना, म्हणून कन्नडमध्येच सांगितले, "तप्पु नंदु." चूक माझी. काय घडले तेही सांगितले. तिने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "इर्लि बिडरी, अण्णा." असू द्या. मग जिना उतरता उतरता थांबून मराठीत म्हणाली, "पण सरांनाही सांगा हं. मी सांगितलं तर बहाणा वाटेल."

सरांना सांगितले. त्यांनी मला जे ऐकवले ते येथे छापण्याजोगे नाही. पण त्याच दुपारी तंबोरा लावून तिला पुन्हा गायला सांगितले, काळी चारमध्ये. मी वाजवलेच नाही, दाराशी उभा होतो. पहिले पद संपायच्या आत ट्रॅकचा विषय मिटला.

पुढचे अकरा दिवस मी रोज दोन तास खऱ्या काळी चारवरून रियाझ केला. आणखी दोन गोष्टी केल्या. यंत्राचे अंगचे कर्णे इवलेसे. म्हणून आधी त्याची तार सभागृहाच्या मोठ्या ध्वनिक्षेपकांना जोडली होती. पण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सतरा मीटरवरच्या मागच्या भिंतीवर आपटून सूर गाणारीपर्यंत परत यायला एक दशांश सेकंद लागतो, आणि द्रुत लयीत तेवढ्यात पुढचा शब्द आलेला असतो. म्हणून एक लहान स्पीकर विंगेत, थेट तिच्या दिशेने ठेवला, आणि मीही तिचे ओठ दिसतील असा बसलो. दुसरी गोष्ट, यंत्रात सहा मोठे सेल घालून विजेची तार काढून टाकली.

संमेलनाच्या रात्री वीज गेली नाही. पण घर जळले नाही म्हणून विम्याच्या हप्त्याचे दुःख कोणी करीत नाही. साथ उत्तम झाली असे मी म्हणणार नाही; दुसऱ्या पदात माझा डावा हात एकदा चकतीवरून घसरला आणि सूर एकदम मोठा झाला. तिने मात्र त्याच क्षणी आवाज वर उचलला, जणू तसे ठरलेच होते. साथ मी तिला करायची होती. त्या जागी तिने मला केली.

आता समितीत नवा, भारी की-बोर्ड घ्यावा अशी चर्चा आहे. घ्यावा, पण माझ्या मते आधी जुन्या पेटीचा भाता शिवून घ्यावा आणि ते दोन सूर बोलते करावेत. खर्च फार कमी येईल, आणि पेटी वीज गेली म्हणून काही विसरत नाही. तोपर्यंत कपाटातल्या त्या यंत्रावर, ट्रान्सपोजच्या बटणाशेजारी, मी कागदाची एक पट्टी चिकटवून ठेवली आहे. वरची ओळ मराठीत, खालची कन्नडमध्ये. खालची तिने लिहिली आहे. दोन्हींचा अर्थ एकच: 'सूर देण्याआधी येथे शून्य आहे ना, पाहा.' पुढच्या वर्षी जो कोणी तेथे बसेल त्याने कृपया ती काढू नये.